दाढ गेली, खड्डा भरेना

ये पोरी, अशी जवळ बस. आता तू म्हणशील, मी वाटूरला अन् तू बदनापूरला, जवळ कशी बसू? मंग वाचताना तरी नीट मांडी घालून बस. आधी गॅस बंद कर. एक डोळा दुधावर अन् एक डोळा कागदावर, ही तुझी सवय मला ठाऊक आहे. त्या दिवशी फोनवर बी तसंच केलंस. मी म्हणलं, "दाढ काढली गं," तर तू म्हणलीस, "दाढच ना माय, मला वाटलं काय झालं!" अन् हसलीस. हसण्याचा राग न्हाई आला मला. पण गोष्ट तेवढीच नव्हती, अन् राहिलेली गोष्ट फोनवर माझ्या तोंडातून निघेना. म्हणून लिहून राह्यले. मधेच ठेवून देऊ नको.

दाढ उजव्या अंगाची, खालची, शेवटून दुसरी. दोन वर्षांपासून किडली होती. तिला मी लवंग दिली, मिठाचं पाणी दिलं, कापसात हिंग घालून दिला. ती गप्प बसायची अन् महिना-दोन महिन्यांनी पुन्हा उठायची. या खेपेला गालच सुजला. भाकरी डाव्या बाजूनं चावली तरी कळ उजव्या कानात. माझी सून, म्हणजे तुझी भावजय, अंगणवाडीतून आली, माझ्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणाली, "आत्याबाई, उद्या जालना. मी सुट्टी टाकली." विचारलं न्हाई, सांगितलं.

सकाळच्या रेल्वेनं गेलो. डॉक्टरीण तरणी, तुझ्याहून लहान असेल. आत जायच्या आधी एक कागद भरून द्यायचा होता. तुझ्या भावजयीनं हात पुढं केला. मी म्हणलं, "दे इकडं. मला येतंय." मी शाळेची पायरी चढले न्हाई, हे तुला सांगायला नको. तू अन् तुझा भाऊ पाटीवर गिरवायचे, तेव्हा भाकरी थापता थापता मी तुमची अक्षरं चोरली. तेव्हापासून कागद दिसला की माझा हात शिवशिवतो. नाव लिहिलं, वय लिहिलं. शुगर आहे का? नाही. बीपी आहे का? आहे, गोळी चालू. तंबाखूचं सेवन करता का? मी पेन दाबून 'नाही'वर खूण केली.

ती खूण मी खोटं बोलायचं म्हणून केली न्हाई. तुझ्या गळ्याची आण. तंबाखू म्हणजे आपल्या लेखी कोणता? चुना लावून तळहातावर मळतात अन् गालात धरतात, तो. तुझा बाप खायचा तो. मी लावते ती मिश्री. तव्यावर तंबाखू काळाठिक्कर होईस्तोर भाजायचा, बारीक करायचा, डबीत भरायचा अन् सकाळी बोटानं दाताला घासायचा. ते तर तोंड धुणं झालं. तोंड धुण्याला कोणी सेवन म्हणतं का? माझ्या मायनं लावली, तिच्या सासूनं लावली. आम्ही खुरपायला जायचो तर बांधावर आधी डबी फिरायची, मंग पाण्याचा तांब्या.

तुझी भावजय माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं ती खूण बघितली. मला कळलं, की तिनं बघितली. तिनं कागद घेतला अन् तसाच आत नेऊन दिला.

आत खुर्चीवर आडवं केलं. डोक्यावर दिवा. डॉक्टरीणबाईनं आरसा घालून दाढ बघितली, मंग गाल बोटानं बाहेर ओढला अन् बघतच राहिली. मी छताकडं बघून राह्यले. एवढा वेळ दाढ बघायला लागत न्हाई.

"आजी, गालाच्या आत हा पांढरा चट्टा कधीपासूनचा आहे?"

मला काय ठाऊक? मी कशाला माझ्या गालाच्या आत बघायला जाते?

"तंबाखू नाही म्हणून लिहिलंय तुम्ही. सुपारी? गुटखा?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणलं. "आमच्या घरात आता कोणी हात लावत न्हाई बघा."

तिनं मान हलवली. मंग हिरडीत सुई दिली. अर्धा ओठ अन् अर्धी जीभ माझी राहिली न्हाई. अन् मंग ती दाढ. रानातली कपाशीची पऱ्हाटी उपटायला चिमटा लावतात की न्हाई, बुड धरून आधी या अंगाला, मंग त्या अंगाला हलवतात, अन् मुळं तडतड सुटतात, तसाच आवाज. पण तो आवाज रानात नव्हता, माझ्या कवटीत होता. दुखलं काहीच न्हाई. तरी खुर्चीचा दांडा मी असा धरला होता, की तुझ्या भावजयीला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

कापसाचा बोळा दाताखाली दिला. तासभर दाबून धरा, थुंकू नका, आज गरम न्हाई, उद्यापासून मिठाच्या पाण्यानं हळू चूळ. हे सगळं झाल्यावर ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. डॉक्टर बसून बोलायला लागला की समजावं, गोष्ट दाढेपुरती न्हाई.

"हा खड्डा पंधरा दिवसांत भरत यायला पाहिजे. नाही भरला, तर मी तुम्हाला संभाजीनगरला पाठवीन. तिथं त्यातला तुकडा काढून तपासतील."

तोंडात बोळा, बोलता येईना. मी हातानंच विचारलं, कशासाठी?

"कॅन्सर नाही ना, ते बघायला. चट्टा आहे म्हणून सांगते. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायच्या आधी जे म्हणली, ते ऐकून घाबरू नको तर काय करू?

पहिले दोन दिवस बरे गेले. तुझ्या भावजयीनं ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून गार करून दिल्या, मऊ भात दिला. त्या दोन दिवसांत मी डबीला हात लावला न्हाई. डॉक्टरीण नको म्हणली होती असं न्हाई. तोंडच धड नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी उठले अन् मला माझंच तोंड उष्टं वाटायला लागलं. तुला कळेल ते, म्हणून सांगते. चहा समोर, अन् तोंड धुतलेलं न्हाई. डोकं जड. पोट साफ न्हाई. मी म्हणलं, डाव्या बाजूनं थोडीशी फिरवते, उजव्या बाजूला बोटसुद्धा नेत न्हाई. न्हाणीत गेले, दार लोटलं अन् लावली. बोट डावीकडंच होतं, खरं सांगते. पण थुंकीला कोण सांगणार, की तू उजवीकडं जाऊ नको?

दुपारपर्यंत ठणका सुरू झाला. दाढ होती तेव्हा बी असा नव्हता. कानात, कानशिलात, मानेत. तोंडाला वास. पदरात तोंड खुपसून मी भिंतीकडं तोंड करून पडले. तुझ्या भावजयीनं न विचारता फोन लावला अन् पुन्हा जालना.

डॉक्टरीणबाईनं खड्डा पिचकारीनं धुतला अन् थांबली. चिमट्यानं कापूस फिरवला, उजेडात धरला.

"आजी, हे काळं काय आहे?"

"मंजन," मी म्हणलं.

"कसलं मंजन?"

"घरचंच."

कापसावर काळे कण होते. तुझी भावजय दारापाशी उभी. मला वाटलं, आता बोलती, आता बोलती. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघून राह्यली.

आता ती का बोलली न्हाई, ते तुला सांगितलं पाहिजे, कारण तुला मी त्या भांडणाचं अर्धंच सांगितलं होतं. दोन वर्षांमागं घरात तवा तापवून मी तंबाखू भाजत होते. धूर झाला. ती खोकत आली अन् भाजलेला सगळा माल मोरीत ओतला. मी दोन दिवस जेवले न्हाई. चार घरी जाऊन सांगितलं, की सून माझ्या जिवावर उठली. शेवटी ती माझ्यासमोर बसली अन् म्हणाली, "आत्याबाई, आजपासून तुमच्या मिश्रीचं नाव माझ्या तोंडातून निघणार न्हाई. घरात न्हाई, बाहेर न्हाई." तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली, हाड उघडं पडलं, म्हणून ठणका, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. लवंगाच्या वासाचं औषध भरलं. ठणका अर्ध्या तासात बसला. जाताना म्हणाली, "पंधरा दिवस म्हणाले होते, लक्षात आहे ना?" मला दुसरं काही लक्षातच नव्हतं.

परतताना रेल्वेत जागा मिळाली. समोरासमोर बसलो. मी म्हणलं, "तू बोलली काहून न्हाईस?"

"शब्द दिल्ता तुम्हाला."

"अन् मी मेले असते, मंग?"

"मंग बी तुम्हीच म्हणला असता, सुनेनं दवाखान्यात लाज काढली."

"लाज कशाची? मी काय तंबाखू खाते व्हय? राख आहे ती, राख."

ती खिडकीबाहेर बघत होती. वळून माझ्याकडं बघितलं. "राखच घासायची तर चुलीतली घासा की, आत्याबाई. तंबाखू कशाला आणायचा बाजारातून?"

पोरी, बदनापूर येईस्तोर मी तेच घोळवत बसले. चुलीतली राख मी दोन दिवस घासून पुन्हा डबीकडंच गेले असते. कागदावरचा 'तंबाखू' हा शब्द मी वाचला होता, न अडखळता वाचला होता. वाचता येतं म्हणून मिरवले, अन् वाचलेलं मला लागू आहे, हे कळलं न्हाई.

आता तुला वाटेल, कळलं म्हणजे सोडली असेल. न्हाई सोडली. चार दिवस थांबले अन् पाचव्या दिवशी चिमूटभर लावली. मंग चूळ भरून भरून तोंड धुतलं, जसं काही पाण्यानं ते परत निघतं. मंग दोन दिवस थांबले. मंग पुन्हा. रोज सकाळी आरशात तोंड वासून बघायचे. खड्डा तसाच. कडा पांढुरक्या, मधे काळपट. माझ्या मनात दोनच गोष्टी. एक तर हे माझ्या बोटानं होऊन राह्यलं, न्हाई तर ते त्या रोगानं होऊन राह्यलं. अन् कोणत्यानं, ते डॉक्टरीणबाई सांगू शकत नव्हती, कारण अर्धी गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. ती फक्त मला ठाऊक होती. असं ओझं मी कधी उचललं न्हाई गं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं, तर वाटेत कोणी तरी हात लावतं. याला कोण हात लावणार?

विहारात त्या आठवड्यात वंदना मी म्हणली न्हाई. गाल दुखतो म्हणून सांगितलं. खरं तर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार न्हाई तिथं, माझी जीभ अडली असती.

सोळाव्या दिवशी गेलो. डॉक्टरीणबाईनं बघितलं, दिवा जवळ ओढून पुन्हा बघितलं. हातमोजे काढले अन् टेबलाशी जाऊन लिहायला लागली.

"काय लिहून राह्यल्या?" मी विचारलं.

"चिठ्ठी. संभाजीनगरची. जखम भरत नाही, आजी. कारण दिसत नाही. मला थांबायचं नाही."

कारण दिसत नाही म्हणली, अन् कारण तर माझ्या डबीत होतं. तुझ्या भावजयीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. पण ओठ घट्ट. शब्द पाळणारी माणसं लई वाईट असतात, तुला सांगते. मी म्हणलं, "थांबा बाई. तो पहिल्या दिवशीचा कागद काढा."

तिनं काढला. मी खुर्चीतून उतरले, तिच्याच पेनानं 'नाही'वर रेघ मारली अन् 'हो' म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खाली लिहिलं, मिश्री.

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घातली. ओरडली न्हाई. कागद वाचला अन् म्हणाली, "चूक माझी पण आहे. मी तंबाखू विचारलं. मिश्री विचारायला पाहिजे होती. इथं येणाऱ्या अर्ध्या बायका 'नाही' लिहितात." मंग म्हणाली, "किती वर्षं?"

"न्हाण आलं तेव्हापासून."

"दिवसातून?"

"तीनदा. खुरपणीच्या दिवसांत जास्ती."

"दाढ काढल्यावर?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. काही लपवलं न्हाई.

"घरात आणखी कोण लावतं?"

तुझी भावजय पट्‌दिशी म्हणाली, "मी न्हाई." पहिल्यांदा बोलली ती, अन् तेवढंच.

अन् मी म्हणलं, "माझी पोरगी. वाटूरला दिली आहे."

आता वाचणं थांबवू नको. मला बी लिहायचं थांबवावं वाटून राह्यलं, पण लिहिते. तुझ्या पहिल्या बाळंतपणाला तू घरी आल्ती. तुझी दाढ ठणकत होती, तू उशीत तोंड घालून रडत होतीस अन् लेकरू बाजूला रडत होतं. गोळी घ्यायची तर अंगावर पाजत होतीस, मला भीती वाटली. मी डबी आणली. तुला तोंड उघड म्हणलं. तू "शी!" म्हणलीस. मी म्हणलं, "गप, औषध आहे," अन् माझ्या बोटानं तुझ्या हिरडीला लावली. तुला गरगरलं, घाम आला, मंग ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी तूच डबी मागितलीस. मला बरं वाटलं होतं, पोरी. वाटलं, आपल्याकडं काही तरी आहे लेकीला द्यायला.

डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी फाडली न्हाई. बाजूला ठेवली. म्हणाली, "दोन आठवडे बिलकुल बंद. भरली तर जखमेचं कारण कळलं. नाही भरली, तर हीच चिठ्ठी. चट्ट्याचा तुकडा मात्र मी काढणारच. ते टळत नाही. अन् लेकीलाही एकदा दाखवायला आणा."

घरी येऊन डबी तुझ्या भावजयीपुढं धरली. "घे, टाक."

"मी न्हाई हात लावणार," ती म्हणाली. "मागल्या वेळी टाकली तर चार घरी गेल्ता. तुमचं तुम्ही टाका."

मीच टाकली. न्हाणीत ओतली, पाणी सोडलं. काळं पाणी गोल फिरून गेलं. डबी घासली, तरी वास जाईना.

ते दोन आठवडे मी कसे काढले, विचारू नको. डोकं फुटायचं. भांडं वाजलं तरी मी अंगावर धावून जायचे. शौचाला होईना, मंग कोमट पाणी, मंग एरंडेल. तुझ्या भावजयीला म्हणलं, "तू आनंदात असशील." ती म्हणाली, "लई आनंदात आहे. तुमची बोलणी खाऊन पोट भरून राह्यलं माझं." बडीशेप भाजून ठेवायची वाटीत, मुकाट. अन् रोज सकाळी अंगणवाडीला जायच्या आधी मला दारात उजेडाला बसवायची, मोबाईलचा दिवा लावायची अन् तोंडात बघायची.

"काय दिसतंय?"

"कालच्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी, "कालच्यासारखंच." पाचव्या दिवशी, "कालच्यासारखंच." मी म्हणायचे, तू नीट बघत न्हाईस. ती म्हणायची, तुम्ही नीट आ करत न्हाई. आठव्या दिवशी बघितलं अन् काही बोललीच न्हाई. मी तिचं मनगट धरलं. "बोल की!"

"थांबा. हलू नका." तिनं दिवा वाकडा केला. "आत्याबाई, एका बाजूनं लाल झालंय. काळं कमी झालं."

मंग रोज थोडं थोडं. मातीनं जसं उंदराचं बीळ भरत यावं, तसं. दोन आठवडे झाले तेव्हा जिभेला खड्डा न्हाई, नुसती खोलगट जागा लागत होती. डॉक्टरीणबाईनं बघितलं अन् पहिल्यांदा हसली. चिठ्ठी फाडली. पण त्याच दिवशी गालातल्या चट्ट्याचा तुकडा काढला, एवढासा, तिळाएवढा, अन् बाटलीत घालून पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी.

खड्ड्याची भीती गेली अन् तिच्या जागी ही बसली. आठ दिवस मी कण्या खाल्ल्या, त्या कशाच्या होत्या, सांगता येणार न्हाई.

रिपोर्ट इंग्रजीत होता. माझी अक्षरं तिथं काही कामाची न्हाईत. डॉक्टरीणबाई वाचत होती अन् मी तिच्या भुवयांकडं बघून राह्यले. तिनं पान उलटलं. पुन्हा मागं घेतलं. तुझ्या भावजयीनं माझा हात धरला, की मी तिचा, ते आठवत न्हाई.

"कॅन्सर नाही," ती म्हणाली. मी रडायला लागले, तर तिनं बोट वर केलं. "आज नाही. पण हा चट्टा त्या वाटेवरचा आहे. मिश्री पुन्हा लावली तर तो पुढं चालणार. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. अन् लेकीला कधी आणता?"

ते मी विसरले नव्हते, पोरी. तीच विसरली असेल, असं मला वाटलं होतं.

आता माझा चट्टा तर बघितला. तुझ्या गालाच्या आत काय आहे, ते कोणी बघितलं? मी म्हणत न्हाई की काही आहे. नसेलच. पण माझ्या बोटानं सुरू झालेलं आहे, म्हणून मला अन्न गोड लागत न्हाई. तुझं कपाशीचं काम चालू आहे, म्हणशील. कापूस चार दिवस झाडावर राहील. जावईबापूला काय सांगायचं ते सांग, माय आजारी आहे म्हण, खोटं न्हाई ते. वाटूर फाट्यावरून सकाळची एसटी धर, जालन्याच्या स्टँडवर मी अन् तुझी भावजय उभ्या असू. सुई न्हाई देत, आरसाच घालून बघती. डबी सोबत आणलीस तरी मी काही म्हणणार न्हाई, म्हणायचं तोंड मला न्हाई. पण येत्या सोमवारी ये. जल्दी ये, पोरी.